सोलापूरहून परदेशात, लेकरांना घेऊन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

परदेशी जायचं ठरलं की घरात आधी देश ठरतो, मग तिकिटं निघतात आणि मुलांचा विचार बॅग भरताना सुरू होतो. माझं सांगणं आहे, सुरुवातच मुलापासून करा. एक कागद घ्या आणि लेकराचा साधा दिवस लिहून काढा. किती वाजता उठतं, उठल्यावर किती वेळात भूक लागते, शी कधी होते, दुपारी झोपतं का, संध्याकाळची किरकिर कितीला सुरू होते. सहल या कागदाच्या मापाने बेतायची. आम्ही पहिल्यांदा सिंगापूरला गेलो तेव्हा थोरली सहा वर्षांची होती आणि धाकटा पावणेदोनचा. पहिल्याच दिवशी चार ठिकाणं ठरवली होती. दुसऱ्या ठिकाणाच्या रांगेत धाकटा रडून रडून खांद्यावर झोपला आणि थोरली जमिनीवर बसून राहिली. त्या रात्री हॉटेलात बसून हा कागद लिहिला, आणि पुढचे पाच दिवस छान गेले.

देश कसा निवडायचा

पहिल्या खेपेला तीन गोष्टी पाहा: विमानात किती तास, घड्याळात किती फरक आणि त्या महिन्यात तिथली हवा कशी. मुंबईहून थेट विमानाने कोलंबो साधारण अडीच तास, दुबई तीन-सव्वातीन, बँकॉक साडेचार, सिंगापूर साडेपाच. श्रीलंकेचं घड्याळ आपल्यासारखंच चालतं. दुबई दीड तास मागे, थायलंड दीड तास पुढे, सिंगापूर आणि मलेशिया अडीच तास पुढे. एवढा फरक लहान मूल एक-दोन दिवसांत पचवतं. युरोप साडेतीन-साडेचार तास मागे पडतो, म्हणजे मुलं तिथल्या पहाटे तीनला टक्क जागी. तो बेत दुसऱ्या-तिसऱ्या सहलीसाठी राखून ठेवा.

हवेच्या बाबतीत आपली एक गफलत होते. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस डिग्री सोसायची सवय असल्यामुळे दुबईचा उन्हाळा चालून जाईल असं वाटतं. पण आपल्याकडचं ऊन कोरडं असतं. तिथे समुद्रामुळे हवा दमट, घाम वाळत नाही आणि लहान मूल पटकन कोमेजतं. दुबईला दिवाळीच्या सुट्टीत किंवा नाताळात जा. फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, समुद्र खवळलेला असतो आणि पोरांना पाण्यात उतरवता येत नाही. मेच्या सुट्टीतच जायचं असेल तर सिंगापूर बरं. पाऊस तिथे बारा महिने येतो, पण बहुतेक वेळा तास-दोन तासांत उघडतो आणि आडोशाच्या जागा भरपूर.

व्हिसाचे नियम फार बदलतात. तिकीट काढायच्या दिवशीच त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, ओळखीच्या माणसाने मागच्या वर्षी काय केलं यावर विसंबू नका. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत होतो. शिवाय पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं असतं. थायलंडनेही १ मे २०२५ पासून असंच डिजिटल कार्ड सुरू केलं आहे. ही कार्डं मुलांचीही भरावी लागतात, अगदी तान्ह्या बाळाचंसुद्धा. घाईत हेच राहून जातं.

कागदपत्रं: चार महिने आधी

मूल महिन्याचं असलं तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरायचा आणि अपॉइंटमेंटसाठी आपलं सोलापूरचं पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र निवडायचं. अर्ज पुढे पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयातून मंजूर होतो. मुलाला सोबत न्यावंच लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा, साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटर. आमच्या धाकट्याचा फोटो काढताना स्टुडिओवाल्याने त्याला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढला. डोळे उघडे, तोंड मिटलेलं आणि बापाचा हात चौकटीबाहेर, एवढं जमायला पाऊण तास लागला. मूल झोपून उठल्यावर, पोट भरलेलं असताना न्या.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या साध्या पासपोर्टची फी १,००० रुपये आहे. आठ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या पासपोर्टला दहा टक्के सूट, म्हणजे ९००. मुदत पाच वर्षांची. बहुतेक देश प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत शिल्लक मागतात, त्यामुळे हिशेब साडेचार वर्षांचाच धरा.

आई-बाबा दोघांची संमती परिशिष्ट ‘ड’ वर सह्या करून द्यायची. दोघांपैकी एकाची सही मिळणं शक्य नसेल तर परिशिष्ट ‘क’ असतं. आई-बाबांच्या स्वतःच्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव चढलेलं असलं की काम बरंच हलकं होतं. लग्नाआधीचा जुना पासपोर्ट तसाच पडून असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, मग मुलाचा अर्ज करा.

खरी अडचण जन्मदाखल्यात निघते. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तो आजच कपाटातून काढा आणि एकेक अक्षर वाचा. पुष्कळ दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, कारण बारशाच्या आधी नोंद झालेली असते आणि नंतर नाव घालायचं राहून जातं. नसेल तर आधी नाव चढवून घ्या. आमच्या थोरलीच्या दाखल्यावर आईच्या नावात इंग्रजी ‘ए’ एक होता, पासपोर्टवर दोन. प्रसूतीच्या वेळी दवाखान्यातला फॉर्म मीच भरला होता, चूक माझीच. दुरुस्तीला तीन आठवडे गेले. मुलाचं आडनाव आडनावाच्या रकान्यातच भरा, तो रकाना रिकामा ठेवू नका. एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर दुबईच्या प्रवासात अडवतात.

आजी सोबत येणार असतील तर एक शंका हमखास निघते. त्या दहावी शिकलेल्या नाहीत, मग पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीचा (ईसीआर) शिक्का बसेल का? वय पन्नासच्या वर असेल तर बसत नाही. आणि तसंही तो शिक्का नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या बाबतीतला आहे, फिरायला जाणाऱ्याला त्याने अडत नाही. आजींना जरूर न्या. दुपारी एक मूल झोपलेलं असताना दुसऱ्याला घेऊन बाहेर पडता येतं, ही सोय पैशाने विकत मिळत नाही.

आई किंवा बाबा एकटेच मुलांना नेणार असतील तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा. काही देश ते मागतात. जन्मदाखल्याची प्रतही ठेवा. सहा महिन्यांच्या बाळाचा फोटो आणि समोर उभं असलेलं चार वर्षांचं मूल यांचा मेळ अधिकाऱ्याला लागत नाही, तेव्हा ती प्रत कामी येते.

तिकीट

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं आणि त्याचं भाडं मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं. दोन पूर्ण झाली की स्वतःची सीट लागते. आता हे नीट वाचा: मूल सहलीच्या मधेच दोन वर्षांचं होत असेल तर परतीच्या विमानात त्याला सीट घ्यावी लागते. तिकिटाची तारीख ठरवताना वाढदिवस पाहा.

सगळ्यांची तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा आणि सीट आधीच निवडा. तान्हं बाळ असेल तर विमान कंपनीला फोन करून पाळणा मागा. तो पुढच्या भिंतीजवळच्या रांगेतच लागतो, मोजकेच असतात आणि बाळाच्या वजनाची मर्यादा असते. स्ट्रोलर बहुतेक कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

पैशांचं थोडक्यात. पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो पॅन क्रमांकावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, तेव्हा पावती मागून घ्या. जवळ थोडं रोख परकीय चलन आणि बाकी फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड, ठेवा. परतीच्या टॅक्सीसाठी लागणारे भारतीय रुपये जाताना २५,००० पर्यंत सोबत नेता येतात.

घर ते विमानतळ: सगळ्यात अवघड टप्पा

परदेशाची भीती वाटते, पण सोलापूरकराची मुलं थकतात ती विमानात बसण्याआधीच. मुंबईची बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. दुपारी गाडीने निघायचं, पुण्याच्या पुढे घाटात अडकायचं, रात्री अकराला विमानतळावर पोचायचं आणि पहाटे तीनला उडायचं, ही दमछाक लेकरांच्या अंगावर निघते.

आमचा आवडता मार्ग वंदे भारत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती सुरू झाल्यापासून मुंबई लेकरांना घेऊन सोपी झाली. सकाळी सहाच्या सुमाराला निघून दुपारी दादरला उतरता येतं. विमानतळाजवळ अर्ध्या दिवसासाठी खोली घ्या, मुलांना आंघोळ घालून झोपवा, रात्री टर्मिनलवर जा. आठवड्यातून एक दिवस ही गाडी नसते, तारीख आधी पाहून घ्या. विमान सकाळी उशिराचं किंवा दुपारचं असेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेस उत्तम. मुलं रात्रभर बर्थवर आडवी होतात आणि पहाटे तुम्ही मुंबईत. पण गाडीला उशीर होऊ शकतो हे धरून, गाडीची वेळ आणि विमान यांच्यात किमान सहा-सात तास ठेवा.

हैदराबादचा विचार फार थोडे लोक करतात, आणि मला तो पुष्कळदा जास्त पटतो. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता सरळ, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी करत जातो, घाट नाही. शहराच्या अलीकडेच बाह्यवळण रस्त्याला लागलं की गर्दीत न शिरता थेट शमशाबादच्या विमानतळावर. दुबई, सिंगापूर, बँकॉक, कोलंबो, सगळीकडे तिथून थेट विमानं आहेत. ज्या लेकरांना गाडी लागते त्यांच्यासाठी घाट नसणं ही मोठी गोष्ट आहे. पुण्याहूनही मोजकी परदेशी विमानं सुटतात, तिकीट शोधताना तिन्ही शहरं पाहा.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

सर्वात आधी खसखस. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आपल्या घरात ती डिंकाच्या लाडवात असते, अनारशावर असते, काळ्या मसाल्यातही असते. आजीने नातवंडांसाठी प्रेमाने केलेला लाडवाचा डबा घेण्याआधी त्यांना नक्की विचारा. दाणाभर असली तरी तो डबा घरीच ठेवायचा.

दुसरं सुकं खोबरं. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून सामानातून काढून घेतात. शेंगा चटणीत खोबरं नसतं, ती खुशाल न्या. लोणचं आणि चटणी चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात अडवतात. कडक भाकरी स्टीलच्या गोल डब्यात उभ्या रचून न्या, पिशवीत नेल्या तर तुकडे हाती येतात. महिनाभर टिकतात आणि दुधात कुस्करून मुलं खातात. मेतकुटाची छोटी पुडी ठेवा. भात सगळीकडे मिळतो. गरम भातावर मेतकूट आणि थोडं तूप पडलं की अनोळखी हॉटेलात हटून बसलेलं मूलसुद्धा जेवतं.

पॉवर बँक हातातल्या सामानातच. द्रव पदार्थाची बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची चालते. बाळाचं दूध आणि खाणं प्रवासाला पुरेल एवढं नेता येतं, फक्त तपासणीच्या वेळी वेगळं काढून दाखवा.

औषधांसाठी सहलीच्या महिनाभर आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा. राहिलेल्या लसी बघून घ्या, आणि ताप, उलटी, जुलाब, अ‍ॅलर्जी यांची औषधं मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून मागा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, कंपनीचं नाव परदेशी डॉक्टरला कळत नाही. ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर आणि औषधाचं मापाचं झाकण विसरू नका. अमिरातीत कोडीन असलेली औषधं परवानगीशिवाय नेता येत नाहीत, खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल वाचा. विमानात मूल झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. काही मुलं त्याने उलटी जास्त चिडचिडी होतात आणि मात्रा चुकली तर श्वासावर बेतू शकतं.

आणि घरातला एक जुना, मऊ झालेला सोलापुरी टॉवेल हातातल्या पिशवीत ठेवा. नवा नको. विमानात गारठा असतो, तेव्हा पांघरायला होतो. दूध सांडलं की पुसायला, मांडीवर अंथरायला, बागेतल्या पाण्यात भिजलेलं मूल गुंडाळायला होतो. त्याला घराचा वास असतो. धाकट्याने परतेपर्यंत तो सोडला नाही.

विमानात

विमान उतरायला लागलं की कान दुखतात, कारण विमानातल्या हवेचा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यामागची बारीक नळी लहान मुलांत पटकन उघडत नाही. गिळण्याने ती उघडते. म्हणून उतरायला सुरुवात होताच बाळाला अंगावर घ्या किंवा बाटली द्या, मोठ्या मुलाला पाणी घोट-घोट पाजा. जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीच हे सुरू करायचं. त्या वेळी मूल झोपलं असेल तर हलकेच उठवा. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बाकी वेळेसाठी नवी, छोटी, आवाज न करणारी चार खेळणी कागदात गुंडाळून न्या आणि तासाला एक उघडू द्या. दोन जोड कपडे मुलाचे, एक तुमचा.

तिथे पोचल्यावर

पहिल्या दिवशी काही ठरवू नका. हॉटेल, आंघोळ, जेवण, जवळची बाग. नंतर रोज सकाळी एकच मोठं ठिकाण, दुपारी खोलीवर झोप, संध्याकाळी एखादं लहानसं. सिंगापूरचं प्राणिसंग्रहालय सकाळी उघडताच गाठा, अकराच्या पुढे मुलं उन्हाने मलूल होतात. तिथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये, जे २०१५ पासून जागतिक वारसास्थळ आहे, जेकब बॅलास नावाची मुलांची बाग आहे. तिकीट नाही, आणि सोबत मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. गार्डन्स बाय द बे मधली पाण्याची खेळजागाही फुकट आहे. महागड्या तिकिटांच्या ठिकाणांपेक्षा आमची मुलं या दोन बागांची आठवण जास्त काढतात.

स्वयंपाकघर हवं म्हणून ऑनलाइन एखादा फ्लॅट घेण्याचा मोह होतो. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही. परवाना असलेलं सर्व्हिस्ड अपार्टमेंट बघा. नळाचं पाणी तिथे पिण्याजोगं असतं. डाळ-भात, इडली, दही हवं असेल तर लिटल इंडियाजवळ राहा.

गाडीत मुलाला मांडीवर घेऊन बसायची आपली सवय तिथे चालत नाही. सिंगापुरात १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची सीट लागते. टॅक्सीला यातून सूट आहे, अ‍ॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. ती बोलावताना मुलाची सीट असलेला पर्याय निवडा. सूट असली तरी मेट्रो जास्त सुरक्षित आणि स्वस्त पडते.

आता हरवण्याबद्दल. आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेत प्रत्येक घराला हा अनुभव असतो. मुलाचा हात सुटतो आणि पुढची पाच मिनिटं घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. परदेशात भाषा वेगळी, म्हणून तयारी इथेच करा. आम्ही जानेवारीत गड्ड्यावर थोरलीकडून घटवून घेतलं: आई दिसेनाशी झाली की जिथे आहेस तिथेच थांब, जोरात आईचं पूर्ण नाव घेऊन हाक मार, आणि लहान मूल सोबत असलेल्या बाईला किंवा गणवेशातल्या माणसाला मनगट दाखव. मनगटावर आमचा नंबर न पुसणाऱ्या पेनाने लिहिलेला, देशाच्या कोडसकट. रोज सकाळी बाहेर पडताना दोन्ही मुलांचा फोनमध्ये एक फोटो काढा. मूल दिसेनासं झालं तर अंगात कोणता शर्ट होता हे आठवत नाही, फोटो दाखवता येतो.

प्रवास विमा घेताना मुलांचा दवाखान्याचा खर्च त्यात आहे ना, हे पॉलिसीत वाचून घ्या आणि मदतीचा नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन बंद पडतो.

परतताना

शाळा सुरू व्हायच्या किमान दोन दिवस आधी सोलापुरात पोचा. शेवटचा दिवस खरेदीत घालवू नका, मुलांना त्यांच्या आवडत्या बागेत परत न्या. आणि घरी आल्यावर दोन आठवडे लक्ष ठेवा. सिंगापूर, थायलंड, श्रीलंका इथे डेंगी असतो. ताप आला तर घरचं औषध देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कुठल्या देशातून, कुठल्या तारखेला आलात हे सगळ्यात आधी सांगा.